पेत्राची पाटी

एफ्रेनने पांढऱ्या रंगाचा पहिला पट्टा ओढला आणि पाटीवरचं पेत्राचं नाव अर्धं बुजलं.

"शाब्बास!" रस्त्यापलीकडून आंबेवाल्या चुचोने टोमणा मारला. "आता माझी गाडीही पुसून टाक!"

एफ्रेनने मान वळवली नाही. बॉइल हाइट्स या जुन्या मेक्सिकन वस्तीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या. पेत्राच्या बेकरीची पिवळी पाटी त्याने हौसेने रंगवली होती, तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला त्याच वर्षी. तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे, म्हणजे बहिणीहून जवळची. वस्तीत मेट्रो येणार म्हणून भरलेल्या सभेत दोघांनी शेजारी बसून टाळ्या वाजवल्या होत्या. इस्पितळात जायला दोन बस बदलाव्या लागणार नाहीत, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

कोपऱ्यावर स्टेशन झालं आणि घरमालकांची भाषा बदलली. पेत्राचं भाडं दुप्पट झालं. आता तिथे कॉफीचं दुकान येणार होतं. नव्या मालकाला पाटी हातानेच रंगवलेली हवी होती, "इथल्या मातीतली". वस्तीतल्या दुसऱ्या पेंटरने काम नाकारलं. एफ्रेनने घेतलं. भाडं त्याचंही वाढलं होतं. घरी मात्र त्याने कुठलं काम ते सांगितलं नव्हतं.

दुपारी पेत्रा दुकानाची किल्ली परत द्यायला आली. उद्या ती लेकाकडे फोंटानाला जाणार होती. ती शिडीखाली थांबून वर बघत राहिली. एफ्रेनच्या ब्रशमधून रंग त्याच्या मनगटावर ओघळला.

"कोमाद्रे, मी... दुसऱ्या कुणी तरी केलंच असतं, म्हणून..."

"पातळ हात मारलायस," ती म्हणाली. "रंगाखालून नाव दिसतंय माझं."

"राहू दे ना थोडं."

"नको. अर्धवट पुसलेलं बरं नाही दिसत. लोक विचारत बसतील, कोण होती म्हणून. रंगाचा दुसरा हात दे."

पलीकडे चुचोने आंबे कापायचं थांबवलं. एफ्रेन शिडीवर आणखी एक पायरी चढला, तशी शिडी नव्या गुळगुळीत फरशीवर सरकली. पेत्राने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"चल, मी धरलीय," ती म्हणाली.

खाली न बघता त्याने ब्रश डब्यात बुडवला.