तिरका पूल

कासार आंबोलीच्या हैबतरावांनी बंगल्याची मागची खोली बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हाच धनगरवाड्यावरच्या म्हसूच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणूस रेल्वेत पूल बांधून निवृत्त झालेला, भेटला की तपकिरीची डबी पुढं करणारा. पण असल्या गोड माणसांवरच म्हसूचा काडीचा विश्वास नव्हता. त्यात गेल्या महिन्यात हे गृहस्थ मोजायची फीत आणि वही घेऊन धनगरवाड्याच्या टेकडीवर तीन दिवस हिंडले होते. म्हसूनं मेंढरं सोडून त्यांच्यावरच नजर ठेवली. एक कोकरू लांडग्यानं नेलं, तेही त्यानं पत्करलं.

म्हसूची बायको बानूबाई बंगल्यावर झाडलोट करायची. बुधवारी ती परतली ती धापा टाकतच.

"आवं, सायेब बंद खोलीत बाईसायबास्नी सांगत व्हतं. पूल बसत न्हाई म्हनं. दरी रुंद करावी लागंल, टेकडी अर्धी काढावी लागंल."

"कंची टेकडी?"

"धनगरवाड्याची. नाव घिऊन बोललं."

म्हसू दहा वर्षांचा असताना मुळशीचं धरण झालं आणि त्यांचं खोऱ्यातलं घर पाण्याखाली गेलं. मग ते या टेकडीवर आले. धरणाआधी असाच एक गोडबोल्या मोजणीवाला आला होता. त्यानं नकाशा पसरला तेव्हा म्हसूच्या बापानं विचारलं होतं, ह्यात आमचं घर कुटं हाय? मोजणीवाला हसला, इथं नुसता डोंगर आहे म्हणाला, आणि कागदाची सुरळी करून चालता झाला. या गोष्टीला तीस वर्षं उलटली, पण ते हसणं काही म्हसूच्या कानातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी घेऊन थेट मागच्या खोलीत घुसला.

आत मोठ्या फळीवर सगळा मुलूख मांडलेला. गोणपाटावर कागदाचा लगदा थापून केलेले डोंगर, मधे दरी, दोन्हीकडं रूळ, रुळावर चावीची आगगाडी. हैबतराव तुपाच्या डब्यांचा पत्रा कापून केलेला पूल मांडीवर घेऊन बसले होते. आठ महिने खपून केला, आणि आता तो दरीपेक्षा चार बोटं लांब निघाला होता.

"ये रे म्हसू. खेळ आहे हा, म्हातारपणाचा नाद."

"खेळ हाय, तर टेकडी का तोडताय?"

"मग काय पूल कापू? हात धजत नाही."

म्हसूनं टेकडी बघताक्षणी ओळखली. तोच उतार, तोच ओढा, वर एकटा उंबर. नकाशा लपवलाय का म्हणून त्यानं फळीखाली वाकूनही पाहिलं. खाली नुसता लाकडाचा भुसा होता. तरी खात्री पटेना. मोठं काम आधी लहान करूनच बघतात, एवढं त्याला कळत होतं.

त्यानं हैबतरावांकडून पूल घेतला आणि दरीवर सरळ धरला. बसेना. मग तिरका केला. दोन्ही टोकं दोन्ही काठांवर नीट टेकली.

"वड्याला पानी आलं की आमी मेंढरं सरळ न्हाई घालत, तिरकीच घालतो. टेकडीला हात लावायचं काम न्हाई."

हैबतरावांचा चेहरा उजळला, मग कपाळाला आठी पडली. "अरे, पण दोन्हीकडचे रूळ वळवावे लागतील. महिन्याचं काम."

"वळवा की. रूळ तुमचं हायेत, टेकडी आमची हाय."

हैबतराव मोठ्यानं हसले. म्हसू हसला नाही. असं हसणारा माणूस त्यानं एकदा पाहिला होता.

"ह्यात आमचं घर कुटं हाय?"

हैबतरावांनी टेकडीकडं पाहिलं. उंबर होता, घर नव्हतं. "राहिलं खरं," ते वरमून म्हणाले. "करतो सवडीनं. तू चहा घे."

"च्या नगं. घर आत्ता करा."

काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचं घर झालं, वर गवताच्या काड्यांचं छप्पर झालं. हैबतरावांनी सरस लावून ते उंबराच्या डावीकडं ठेवलं. म्हसूनं ते चिमटीत उचलून उजवीकडं ठेवलं.

"सरस वाळाया किती येळ लागतो?"

"तासभर."

म्हसूनं काठी भिंतीला टेकवली आणि फळीपाशी बैठक मारली. तासानं उठून त्यानं घराला बोट लावून बघितलं, मग जरा जोरानं ढकलून बघितलं. घर हललं नाही. तेव्हा कुठं तो चहाला हो म्हणाला.