राहिलेला दीड मैल

पेम्ब्रोकशर परगण्याचा एकशे शहाऐंशी मैलांचा किनारा ग्लेनिस आणि इड्रिस या नवराबायकोने आठ वर्षांत पायी पालथा घातला होता. तो बस चालवायचा, ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यातला एक आठवडा किनाऱ्याचा. घाई कसलीच नाही. दिवसाला पाच मैल, मध्येच गवतावर फतकल मारून थर्मासमधला चहा, आणि मुक्कामाला कुणाच्या तरी घरातली भाड्याची खोली.

फक्त दीड मैल राहिला होता. पहिल्याच वर्षी तिथे, उभ्या कड्याच्या काठावर, खाली उसळणारा समुद्र बघून ग्लेनिस मटकन बसली ती उठेचना. इड्रिसने कसंबसं तिला मागे आणलं आणि पुढचं गाव दोघांनी बसने गाठलं. तेव्हापासून नणंद मेन्ना दर नाताळात जेवणाच्या टेबलावर हटकून विचारायची, "अख्खा किनारा चालणार म्हणे! बसनेसुद्धा चालता येतं वाटतं?"

या मे महिन्यात दोघं पुन्हा तिथे आली. पण वाटेच्या सुरुवातीलाच कुंपणाची पायरी ओलांडताना इड्रिसचा गुडघा मुरगळला.

"पुढच्या वर्षी बघू गं," तो कण्हत म्हणाला.

"पुढच्या वर्षी मी एकाहत्तरची होईन. तू बसने पुढे जा, मी येते."

"एकटी?"

"मग काय, तुला पाठुंगळीला घेऊन?"

त्याला रस्त्यावरच्या थांब्याशी बसवून ती निघाली. पहिला मैल तिने आतल्या बाजूच्या गवतावर नजर खिळवून काढला. मग वाट वळली, जेमतेम हातभर रुंद उरली, आणि वारा अंगावर आला. पाय पहिल्या वर्षीसारखेच जागीच अडले. ग्लेनिसने काठी पाठीवरच्या पिशवीत खोचली आणि सरळ गुडघ्यांवर आली.

समोरून चार धट्टेकट्टे वाटसरू येत होते. "आजी, बरं वाटत नाहीये का?" एकाने ओरडून विचारलं.

"ठणठणीत आहे! उतारवयात रांगायला शिकतेय. तिकडेच थांबा, आधी मला येऊ द्या!"

ते थांबले. ती रांगत राहिली. तळहातांत काटे रुतत होते. कोबी ताटात टाकणाऱ्या पोरांना दटावायची त्याच आवाजात ती स्वतःला दटावत होती, "संपव. संपवल्याशिवाय उठायचं नाही."

वाट रुंद झाली. वाटसरूंपैकी एकीने हात पुढे केला, पण ग्लेनिस आपली आपण उठली. आणि मग, ठरवलेलं नसताना, वळून तिने खाली पाहिलं. खडकांवर फेस फुटत होता. पांढरे पक्षी तिच्या पायांच्याही खाली उडत होते. ती बघत उभी राहिली. मनसोक्त.

पुढच्या गावच्या थांब्यावर इड्रिस नव्हता. बसच आली नव्हती. ग्लेनिसने आपलं सँडविच खाल्लं, मग त्याचंही. वीस मिनिटांनी बस आली. इड्रिस लंगडत उतरला आणि तिला पाहून जागच्या जागी थिजला.

"आधी पोचलीस? कशी आलीस?"

"पायांनी. थोडी हातांनी." तिने मातीने माखलेले गुडघे दाखवले.

इड्रिसला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. त्याने तिचे दोन्ही तळहात आपल्या हातात घेतले.

"काटे नंतर काढ," ती म्हणाली. "आधी मेन्नाला फोन लाव."