घोट्यावरचा नंबर

रक्तपेढीच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत एक नेम होता. पिशवी शीतकपाटातून बाहेर पडण्याआधी तिच्यावरचा नंबर दोघांनी, एकापाठोपाठ, मोठ्याने वाचायचा. एकाने वाचले आणि दुसऱ्याने नुसती मान डोलावली, तर ते वाचन धरले जात नसे. तंत्रज्ञ म्हणून अर्धे आयुष्य तिथे काढल्यावर तो नेम त्याच्या जिभेत मुरला होता. घरी भाजी आणली तरी तो पिशवीवरचे लेबल पुटपुटत वाचायचा, आणि बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "आता मीही वाचू का मोठ्यानं? कोबी! झालं समाधान?"

दिवसभर तो परक्यांच्या रक्ताची राखण करीत असे. स्वतःचे रक्त वाहते आहे याची खूण त्याला इतरत्र शोधावी लागे. म्हणून उरलेल्या दिवसाच्या फटींत त्याने तीन खेळ कोंबले होते. कामावर जाण्याआधी तरणतलाव. परतताना पाठीवर रिकामा डबा खडखडवत धावणे. सुट्टीच्या सकाळी सज्जात वाळणाऱ्या कपड्यांकडे तोंड करून, जागच्या जागी फिरणारी सायकल. मुलीला वडिलांचा वास म्हणजे क्लोरीनचा वास, एवढेच ठाऊक होते. आधी पोहायचे, मग सायकल, मग धावायचे, तिन्ही एका दमात: अशा शर्यतींत त्याचा क्रमांक नेहमी मधल्या गर्दीत लागायचा. तरी त्या गर्दीत कोणीतरी आपली वेळ मोजते आहे, आपल्या नावाची एक ओळ कुठेतरी उमटते आहे, या जाणिवेची त्याला चटक लागली होती. चटकच ती, तिला छंद म्हणणे ही घरच्यांची भलमनसाई.

मेव्हणा या नादात उशिरा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ लहानपणी गोलमटोल होता, म्हणून घरात त्याला ढब्बू म्हणत; पुढे अंग ओसरले, नाव राहिले. शाळेत तो भूगोल शिकवायचा. ठरलेले लग्न मोडल्यावर वर्षभर खोलीत पडून राहिला, आणि एके दिवशी दाराशी येऊन उभा राहिला.

"दाजी, मला महासागर शिकवता येतात. पोहता येत नाही. काहीतरी करा."

दाजींनी केले. उथळ बाजूला हात धरून, मग खोल बाजूला शेजारी राहून त्याला पोहते केले. पण पाण्याची धास्ती त्याच्या अंगातून कधी पुरती गेली नाही. मोकळ्या पाण्यात तळ दिसत नाही. तिथे तो दाजींच्या अगदी मागे राहायचा, आणि मधूनमधून बोटांच्या टोकांनी त्यांच्या तळव्याला शिवायचा. मी आहे, एवढेच त्या स्पर्शाचे म्हणणे. "जगात लोक मोठ्या माणसांच्या चरणी लागतात ते उगाच नाही," तो काठावर धापा टाकत म्हणायचा, "बुडत नाही माणूस."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तिघे जलाशयाजवळच्या विश्रामगृहात उतरले. मुलीला आजीकडे ठेवले होते. ढब्बू हवा भरायला सायकल खाली घेऊन गेला तेव्हा बायकोने दार लोटून घेतले.

"हे बघ, शर्यत तुझी आहे. भाऊ माझा आहे. पाण्यातून त्याला बरोबर घेऊन बाहेर ये, मग सायकलवर बसून खुशाल उडत जा."

"येतो की."

"येतो की, असं नको. घेऊन येईन म्हण."

"घेऊन येईन," तो म्हणाला, आणि म्हणताना ते त्याला अगदी खरे वाटले होते.

सकाळी खोलीत धांदल होती. प्रत्येकाला एक पाकीट मिळाले होते. त्यात कमरेला लावायचा कागदी नंबर आणि घोट्याला बांधायचा एक पट्टा. पट्ट्यात चिप होती. वाटेत अंथरलेल्या चटयांवरून पाय गेला की चिप बोलायची, आणि कोण कुठवर पोचला हे संगणकावर आणि घरच्यांच्या फोनवर उमटायचे. दोन्ही पाकिटे त्यानेच पलंगावर रिकामी केली. आपला अठ्ठावन्न, ढब्बूचा एकशे चार. कागद वेगळे ठेवले. पट्टे सारखेच काळे होते. नंबर आतल्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. एक त्याने स्वतःच्या पायाला आवळला. ढब्बूची बोटे थरथरत होती, म्हणून दुसरा घेऊन तो त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"ताई, बघितलंस? दाजी माझ्या पाया पडतायत! जन्माचं सार्थक झालं."

"आशीर्वाद दे मग," ती आरशातून म्हणाली, "म्हणावं, सुधारा."

तिघेही हसले. त्या हसण्यात पट्टा बांधून झाला. नंबर कोणीच वाचला नव्हता.

पाणी शिशासारखे होते. उजेड वरच्या वर घसरून जात होता. भोंगा वाजला आणि शेदीडशे माणसे एकदम त्यात कोसळली. कोपरे, टाचा, फेस. वळणाच्या खुणेसाठी दूरवर केशरी फुगे तरंगत ठेवले होते. पहिल्या फुग्याच्या अलीकडेच त्याला तळव्यावर ओळखीची बोटे लागली. आहे. पुन्हा लागली. आहे. त्याने गती धरून ठेवली. आणि धरून ठेवलेली गती त्याला शिंकेसारखी सलू लागली. पुढे एक जथा सुटत चालला होता. हात आज कधी नव्हे इतके हलके होते, श्वास तालात होता, आणि पायाशी हे मागणे. इतका आला म्हणजे येईल, त्याला वाटले. होड्या आहेत, माणसे आहेत, तोही काही कुकुले बाळ नाही. या वाटण्याला विचार म्हणता येणार नाही. ती भुकेने काढलेली समजूत होती. फुगा डावीकडे टाकून त्याने वेग वाढवला. स्पर्श आला, निसटला, एकदा घाईघाईने आला. मग आला नाही. त्याला मोकळे वाटले.

काठावरच्या चटईवर पाय पडला तेव्हा ती चिवचिवली. सायकलींच्या तळावर त्याने शिरस्त्राण चढवले, कागदी नंबर कमरेच्या पट्ट्याला लावला, सायकल काढली. ढब्बूची सायकल नंबरांच्या हिशेबाने पलीकडच्या रांगेत टांगलेली होती. त्याने तिकडे पाहिले नाही. पाहायला मान वळवावी लागली असती.

पहिल्याच वळणावर बायको कठड्याला टेकून उभी होती, हातात फोन.

"अरे, तो तुझ्याआधी गेला!"

"कोण?"

"ढब्बू! फोनवर आलंय, सायकलवर निघाला! माझ्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे. पळ, पकड त्याला!" आनंदाने तिचा आवाज फाटत होता.

त्याला आश्चर्य वाटायला हवे होते. वाटला तो अपमान. ज्याला आपण पाण्यात उभे राहायला शिकवले तो आपल्याला मागे टाकून गेला? म्हणजे तो स्पर्श थांबला तो मागे पडल्याने नव्हेच. बाजूने पुढे निघून गेला लेकाचा! त्याने दात आवळले आणि सायकलवर वाकला. जलाशयाला वेढणारा तो रस्ता त्याने एका पाठमोऱ्या माणसाला शोधत कापला. प्रत्येक निळा सदरा दुरून ढब्बूचा वाटायचा. जवळ गेल्यावर तो भलत्याचाच निघायचा. इतक्या जोरात तो जन्मात कधी पळाला नव्हता. मांड्यांत आग होती आणि त्या आगीत एक सुख होते.

चढाच्या पायथ्याशी संयोजकांची मोटारसायकल त्याच्या बरोबरीला आली. मागे बसलेल्याच्या हातात वायरलेस होता.

"अठ्ठावन्न? अहो, तुम्हाला पाण्यात शोधतायत! कधीचं पुकारतायत तुमच्या नावानं."

"मला?"

"पाण्यातून बाहेर आल्याची नोंदच नाही तुमची. तुमच्या मिसेस सांगत होत्या तंबूत, सायकलवर पाहिलं म्हणून. पण आम्हाला डोळ्यांनी बघावं लागतं ना."

"मग बघा आणि सांगा त्यांना," तो धापा टाकत हसला, "बुडालेला माणूस चढ चढतोय."

"चिप मेली असेल. मरतात कधीकधी." आणि वायरलेसमध्ये: "अठ्ठावन्न सापडले. सायकलवर आहेत. होड्या बोलवा माघारी."

झाडांच्या फटीतून खाली पाणी दिसत होते. तिथे रेंगाळणाऱ्या दोन होड्यांनी तोंडे वळवली आणि त्या काठाकडे निघाल्या. आपल्यासाठी इतकी माणसे खोळंबली होती याचा त्याला, खोटे कशाला बोला, थोडा अभिमानच वाटला.

चढ संपतो तिथे परतीचे वळण होते. रस्त्यावर एक चटई, बाजूला टेबल, आणि टेबलाशी कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी. पडद्यावर जो नंबर उमटेल तो ती मोठ्याने वाचायची आणि टाळ्या वाजवायची. चटई चिवचिवली.

"एकशे चार! मस्त!"

त्याने मागे पाहिले. पुढे पाहिले. रस्त्यावर त्याच्याशिवाय कोणी नव्हते.

सायकल कशी थांबली ते त्याला कळले नाही. एक पाय दांड्यावर टेकवून त्याने घोट्याचा पट्टा उलटा केला. मुंगीएवढी अक्षरे होती. ती त्याने वाचली, आता वाचली.

"फोन लावा! पाण्यात माणूस आहे!"

"नाही काका, सापडले ते. आत्ताच कळलं. अठ्ठावन्न सापडले."

"अठ्ठावन्न मी आहे!"

"हो ना. मग सापडलात की तुम्ही."

"पाण्यात एकशे चार आहे!"

तिने पडद्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे, उन्हाने माणसे अशी होतात हे ठाऊक असल्यासारखे. "एकशे चार आत्ता इथून गेले, काका. तुम्ही पाणी पिता का?"

त्याने पट्टा ओरबाडून काढला आणि टेबलावर आपटला. "हा त्याचा आहे. माझा त्याच्या पायात आहे. माझा त्याच्या पायात आहे गं, पोरी!"

तिचा हात झटकन वायरलेसकडे गेला.

तो उतारावरून उलटा सुटला. समोरून येणारे शिव्या घालत होते. "ओ, डोळे फुटले का? मरायचंय?" त्याला कोणाचे तोंड दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त पाणी, झाडांआड जाणारे आणि पुन्हा उघडे पडणारे. आणि त्याच्यावर, पहिल्या फुग्याच्या दिशेने, पुन्हा निघालेल्या होड्या. किती सावकाश जात होत्या त्या.

तो पोचला तेव्हा ढब्बूला काठावर आणून ठेवले होते. डॉक्टर छातीवर दाब देत होता, आणि त्या दाबांतली आशा केव्हाच संपून केवळ शिस्त उरली होती. तळवे त्याच्याकडे होते. पाण्याने सुरकुतलेले, आंधळे तळवे. मदतनीसाने वाकून घोट्याचा पट्टा उलटा केला.

"अठ्ठावन्न," त्याने लिहून घेणाऱ्याला सांगितले.

बायको तिथेच होती. तिने पट्ट्याकडे पाहिले, मग नवऱ्याच्या कमरेवरच्या कागदाकडे. तिच्या चेहऱ्यावर सकाळची ती खोली हळूहळू उलगडत गेली. ती किंचाळली असती तर त्याला उभे राहायला काही आधार मिळाला असता.

"मी तंबूत गेले होते," ती म्हणाली. "पुकारत होते तेव्हा. म्हटलं, अहो, माझा नवरा आहे तो, आत्ता गेला माझ्यासमोरून. शपथ घेतली मी. नका शोधू म्हटलं."

"तुला काय माहीत असणार?"

"तुला?"

त्याने कमरेवरचा कागद मुठीत चुरगळला.

"पाण्यात तुझ्याजवळ होता ना तो?"

"पहिल्या फुग्यापर्यंत."

"आणि मग?"

"मग मी पुढे गेलो."

तिने मान हलवली, दुकानदाराने भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक हलवते तशी. घ्यायचे नाही हे आधीच ठरलेले असते. मग ती ढब्बूच्या उशाशी बसली आणि त्याच्या कपाळावर चिकटलेले शेवाळ नखाने एकेक करून काढू लागली.

फोन तिच्या मांडीवर वाजला. पडद्यावर "आई" होते. तिने तो न पाहताच त्याच्याकडे धरला.

"मी काय सांगू त्यांना?"

"मला सांगितलंस तेच."

त्याने फोन कानाला लावला, हॅलो म्हणाला. पलीकडे मुलगी कशावरून तरी खिदळत होती आणि सासूबाई तिला दटावत होत्या. "थांब गं, बाबा आहे. हं, जावईबापू! झाली का शर्यत? ढब्बू फोन उचलत नाहीये मेला. फार दमला का?"

"आई, तुमच्याजवळ कोणी मोठं माणूस आहे का?"

"हे काय विचारणं? मीच आहे. माझ्याहून मोठं कोण असणार या घरात?" त्या हसल्या, आणि हसू अर्ध्यावर थांबले. "का हो?"

"शेजारच्या काकूंना बोलवा. पोरीला त्यांच्याकडे द्या. आणि तुम्ही खाली बसा."

खुर्ची सरकल्याचा आवाज त्याला ऐकू आला. बायकोने वर पाहिले नाही, पण तिचे बोट शेवाळावर थांबले होते. तो ओल्या मातीत उकिडवा बसला आणि पहिल्या फुग्यापासून सांगू लागला.