शिमग्यातलं पाणी

घर फुकट मिळत नव्हतं हो. कांजूरमार्गच्या टेकडीखाली एक संस्था आमच्यासारख्यांना घरं बांधून देत होती. संपात गिरणी गेली, भाड्याची खोली गेली, असली माणसं. पंधरा घरं, पंधरा कुटुंबं. विटा-सिमेंट संस्थेचं, हप्ते झेपतील एवढेच, पण अंगमेहनत आपली. आणि कुठलं घर कोणाचं ते शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरायचं. म्हणजे दुसऱ्याची भिंतसुद्धा आपलीच समजून बांधायची. माझे यजमान सहदेव गिरणीत जॉबर होते, हाताखाली माणसं असलेले, ते इथे घमेली उचलत होते. माझी जीभ तिखट, पण कामाला मी कधी मागे हटले नाही. शिमग्यातल्या त्या चार दिवसांखेरीज.

आठ नंबरच्या भिंतीला नवा गिलावा झाला होता. त्याला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची जबाबदारी आमच्या पंधरांतल्याच सुगंधाची. तिचा नवरा लवू छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. शिमगा आला आणि ही रडकुंडीला आली.

"मालन, देवाची पालखी दारार येतली आणि दाराक कुलूप? माका जावकच व्हया गो."

"जा गो. मी मारते पाणी. कुंडलिकभाऊंना कशाला सांगतेस, उगाच नाही म्हणतील."

कुंडलिकभाऊ संस्थेचे देखरेख करणारे. आमच्या गावाकडच्या माणसाला शिमग्याला थांब म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणणं, हे त्यांना कसं कळावं, ते पडले घाटावरचे.

दोन दिवस मी इमानाने पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी नळाला करंगळीएवढी धार, घरचं पिंप कोरडं, डोक्यावर मार्चचं ऊन. भिंत काय बोंब मारणार आहे, म्हटलं, आणि आधी आमचं पिंप भरलं. चौथ्या दिवशी तेच, पाचव्या-सहाव्या दिवशीही तेच. मेलं ते पिंप!

सुगंधा परतली त्याच दिवशी कुंडलिकभाऊंनी सगळ्यांसमोर भिंत नखाने खरवडली. वाळू भुरुभुरु खाली आली.

"पाणी कोणाकडे होतं?"

कागदावर सुगंधाचं नाव. नियम सगळ्यांना पाठ होता, काम बुडवलं की नाव पुढच्या खेपेच्या घरांत. म्हणजे दोन वर्षं. लवूकडे दोन वर्षं नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं.

सुगंधाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. नळावर दहाजणींना पुरून उरणारी मी, माझी वाचाच बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

त्या रात्री घास गिळवेना. दुसऱ्या दिवशीही नाही. ह्यांना वाटलं, ऊन लागलं.

तिसऱ्या सकाळी गेले तर सुगंधा बादली घेऊन अकरा नंबरच्या भिंतीला पाणी मारत होती. म्हटलं, "तू कशाला आलीस? तुझं नाव तर..."

"पुढल्या खेपेक काम दाखवूक लागतला ना. आणि ही भिंत सुकली तर कोणाचा तरी घर जायत." मग हळूच म्हणाली, "तुझी पण असात ही. कोणाक ठावक."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्यासमोर उभं राहवेना. तशीच कुंडलिकभाऊंकडे गेले आणि सगळं ओकले. त्यांनी नावांचा कागद पुढे ओढला.

"सुगंधाबाईंनी न सांगता गावाला जायला नको होतं. त्या महिनाभर जास्त काम करतील, नाव राहील. तुमचं मात्र कापावं लागेल, मालनबाई."

"कापा."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे घमेल्यांनी सोललेले हात धूत होते. हात तसेच ओले धरून उभे राहिले.

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

भिंतीकडे तोंड करून झोपले, ताटाला शिवले नाहीत.

मी जेवले. भात, कुळथाची पिठी, सगळं. भूक लागली होती.