नातीच्या बाजूचा दरवाजा

मी एक दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे, गाडीचा. डावीकडचा, मागचा. गाडी केव्हाच भंगारात गेली, मी तेवढा उरलो. सध्या एका म्हाताऱ्याच्या परसात कुंपणाच्या तोंडाशी उभा आहे. आत कोबीचे दोन वाफे आणि एक गळकी टाकी. माझी काच खाली अडकली ती अडकलीच, त्यामुळं कोंबड्या माझ्या खिडकीतून ये-जा करतात. चालायचंच.

मला लिहिता-वाचता येत नाही. मला उघडता येतं आणि मिटता येतं. तेव्हा जे सांगेन ते माझ्या चालीनं, सावकाश. ज्याला घाई असेल त्यानं खुशाल पुढं जावं.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचा सपाट तुकडा यंत्राखाली गेला, एकच दणका बसला आणि मी झालो. मग रंग, काच, हँडल, कडेनं फिरवलेली काळी रबरी पट्टी, आणि सगळ्यात शेवटी कुलूप. एवढं झाल्यावर मी कानसेनांच्या हातात आलो.

कानसेन म्हणजे दारं बसवणारे फिटर. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात असेल, पण सगळा कारखाना त्यांना कानसेनच म्हणायचा. दार बिजागरीवर चढवलं की ते तीनदा लावून बघत, डोळे मिटून, कान जवळ नेऊन. भरल्या पोत्यावर पोतं टाकावं तसा 'ठप्प' आवाज आला की पत्र्यावर थाप मारत आणि म्हणत, "जा बाळा, नांदा सौख्यभरे." आवाज पोकळ आला की दार परत. अठ्ठावीस वर्षं हेच काम. एकदा लोकांनी त्यांचे डोळे बांधले आणि दहा गाड्यांची दारं लावून ऐकवली. आपल्या कारखान्याची कुठली, परकी कुठली, दहाच्या दहा बरोबर. तेव्हापासून ते नाव पडलं.

त्या कारखान्यात एक रीत होती. आतल्या पत्र्याच्या छपराखाली फक्त आपली गाडी लावायची. परदेशी गाडी घेऊन कुणी आला, तर फाटकावरचा पहारेकरी हात आडवा करायचा, "पाहुण्यांनी नाल्यापलीकडं." पलीकडं म्हणजे राखेच्या ढिगाशी, उन्हात. एका कारकुनानं हट्टानं आपली परदेशी गाडी आत घुसवली, तर संध्याकाळी तिच्या नाकापासून शेपटीपर्यंत खिळ्याची रेघ. कुणी ओढली ते सगळ्यांना माहीत आणि कुणालाच माहीत नाही. पण माणसं वाईट नव्हती हो. रस्त्यात परकी गाडी दिसली की त्यांना आपल्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटायचं.

कानसेनांना एकच लेक. तिचा नवरा औषधं विकत गावोगाव फिरायचा. दोघांना एक मुलगी, चार वर्षांची. भिंतीच्या कडेकडेनं चालायची म्हणून तिला मुंगी म्हणत. जावयाला गाडी घ्यायची होती आणि त्यानं परदेशी बघून ठेवली होती. त्यावरून सासऱ्या-जावयाचं जे झालं, ते दोघं नवरा-बायको पुढं गाडीत इतक्यांदा उगाळायचे की मला पाठ झालं.

जावई म्हणाला होता, "बाबा, मला रोज घाट उतरायचा असतो. ती गाडी दगा देत नाही म्हणतात."

"आणि आमची देते?"

"तसं कुठं म्हणालो मी?"

"म्हणायला कशाला हवं, जावईबापू? तुम्ही घ्या हवी ती. मी उद्यापासून नाल्यापलीकडूनच कामावर जातो. तोंड दाखवायला जागा नको?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, लेक दिलीत ना त्यांना? मग गाडी त्यांची ते बघतील. का तिलाही कारखान्याची शपथ घालून पाठवलीत?"

कानसेनांनी ऐकलं नाही. ते लेकीकडं वळले. "तू लहान असल्यापासून मी दारं बसवतोय. तुझ्या पोरीसाठी बापाच्या हातचं दार सोडून परक्याचं दार उघडशील?"

लेक नवऱ्याकडं बघत राहिली. जावई हसून म्हणाला, "बरं बाबा, तुमचंच दार. झालं समाधान?" तो भला माणूस. तिथंच विषय मिटला.

पण कानसेनांना एक गोष्ट माहीत होती, ती त्यांनी घरात सांगितली नव्हती.

कारखान्यातली कुलपं घडवायची शाळ सहा महिन्यांपूर्वी बंद झाली होती. शाळ म्हणजे आमच्याकडं एकेका कामाचा विभाग. आता कुलपं लाकडी खोक्यांतून यायची, बाहेरच्या देशातून. खोक्यावरची अक्षरं तासून टाकायला दोन माणसं ठेवली होती. गाडीच्या मागं मात्र पाटी तीच, 'आपल्या मातीची, आपल्या हातची'. त्या कुलपांचा आवाज बारीक होता. 'टक्-खळ्'. कानसेनांनी पहिल्याच दिवशी नऊ दारं परत पाठवली. सुपरवायझर धावत आला.

"कानसेन, कुलूप चांगलं आहे. आवाज तेवढा वेगळा आहे."

"आवाज आपला नाही, साहेब."

"मग तुम्हीच बोंब मारा! तुम्हीच नावं ठेवलीत तर बाहेरच्यांनी काय करायचं? तीन हजार चुली आहेत या आवाजावर."

कानसेनांनी ती नऊ दारं परत घेतली. दारं पुढं गेली. थाप मारणं मात्र त्यांनी त्या दिवसापासून सोडलं.

लेकीची गाडी जोडणीच्या सरकत्या पट्ट्यावरून त्यांच्यापुढं आली, तो दिवस मला आठवतो. माझं नशीब म्हणा, डावीकडचा मागचा मीच होतो. त्यांनी मला लावलं. 'टक्-खळ्'. पुन्हा लावलं. 'टक्-खळ्'. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना तोंडावर खोटं पाडलं. लेकीला काय ऐकवणार होते ते? 'आपलं दार' म्हणून हा आवाज?

त्यांनी गाडी रात्रीपुरती बाजूला काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खिशातून रबराचा एक तुकडा आणला. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला, चार पदरी घडी घातलेला. कुलपाच्या जरा खाली, माझ्या काळ्या पट्टीच्या आत, त्यांनी तो चिकटवून बसवला. एकाच दारापुरता होता. मग मला लावलं.

'ठप्प.'

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा लावलं. 'ठप्प.' तिसऱ्यांदा. मग पुष्कळ दिवसांनी पत्र्यावर थाप पडली. "नातीची बाजू तरी आपल्या आवाजाची," असं ते पुटपुटले.

आता एक समजावून सांगतो, कारण माझं सगळं आयुष्य त्यात आहे. कुलपाच्या पोटात लोखंडी जीभ असते, चौकटीवर कडी असते. जीभ कडीला दोन टप्प्यांत धरते. आधी टोकानं, मग पूर्ण. टोकानं धरली तरी दार लावलेलं दिसतं, पण ते भरवशाचं नसतं. त्या रबरानं मला केसभर बाहेर ढकललं होतं. जोरात लावलं तर जीभ पूर्ण बसायची. हळू लावलं तर टोकावरच राहायची, आणि आवाज मात्र तसाच भरदार यायचा. कानसेनांनी कधी कुठलं दार हळू लावून बघितलंच नव्हतं. कारखान्यात कोण हळू लावतं?

चार महिने मी सुखात नांदलो, खोटं कशाला बोलू? मुंगी माझ्या काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटानं गोल काढायची. लावताना जावई मला सणसणीत आपटायचा आणि लेक म्हणायची, "अहो, बाबांचं दार आहे, जरा मायेनं."

एका दुपारी ते तिघं सासरवाडीहून निघाले. कानसेन पायरीवर उभे होते. जेवण झालेलं, मुंगी झोपेला आलेली. जावयानं तिला मागच्या सीटवर निजवलं, डोक्याखाली आपला कोट घातला. तेव्हा मागच्या सीटला पट्टे नसत. मग त्यानं मला लावलं. दोन्ही हातांनी, अगदी हळू. झोपलेल्या लेकराजवळ दार कोण आपटतं?

'ठप्प,' मी म्हणालो. कानसेनांनी पायरीवरून ते ऐकलं आणि ते हसले.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी कलली. झोपलेली मुंगी सरकत माझ्यावर आली. इवलंसं तिचं वजन. मी जेवढं धरता येईल तेवढं धरलं. माझ्याजवळ जिभेचं नुसतं टोक होतं.

पुढचं मी सांगणार नाही. मुंगी गेली. मी उघडा, वाऱ्यावर आपटत राहिलो, आणि लेक रस्त्यावर धावत होती.

कारखान्यातून दोन माणसं तपासायला आली. त्यांनी कुलूप माझ्या पोटातून काढलं, बोटानं दाबून शंभरदा उघडझाप केली. कुलूप ठणठणीत होतं. ते परत बसवलं आणि कागदावर लिहून घेतलं, 'दार नीट लावलेलं नव्हतं.' काळ्या पट्टीच्या आत काळं रबर, ते कुणाला दिसणार?

त्या एका ओळीनं जावयाचा जीव घेतला. माणूस हिंडतो-फिरतो, पण जीव गेलेला. घराचं दार लावलं की दहादा ओढून बघतो. गाडीला पुन्हा त्यानं हात लावला नाही. लेक त्याला एकदाच म्हणाली, "मी लावलं असतं तर?" तेवढंच. त्यानंतर दोघं एका छपराखाली दोन बिऱ्हाडांसारखी राहू लागली.

आणि कानसेन? त्यांना सगळं कळलं होतं. गाडी ओढून आणली त्या दिवशीच त्यांनी पट्टीखाली बोट घातलं होतं. त्यांनी सुपरवायझरला जाऊन सांगितलं. सुपरवायझरनं खोलीचं दार लावून घेतलं.

"कानसेन, नात परत येणार आहे का? नाही ना? मग आता तोंड उघडून काय करता? लोक म्हणतील, आपल्या गाडीची दारं अशी! खोक्यांचं निघेल, सगळंच निघेल. चौकात परदेशी गाड्यांचं दुकान थाटून बसलेत ते, वाटच बघतायत."

तीन हजार चुली एका बाजूला, एक जावई दुसऱ्या बाजूला. कानसेनांनी चुलींना कौल दिला. हे त्यांनीच मला पुढं सांगितलं. माझ्याशी बोलतात ते, बाकी कुणाशी नाही.

त्या चुलीही वाचल्या नाहीत. दोन वर्षांत कारखाना परदेशी कंपनीनं घेतला, पाटी बदलली, निम्मी माणसं घरी बसली. पत्र्याच्या छपराखाली आता त्यांच्याच गाड्या उभ्या असतात. पहारेकरी तोच आहे. तो आता जुन्या गाड्यांना नाल्यापलीकडं धाडतो.

अपघातानंतर गाडी भंगारात निघाली, तेव्हाच कानसेन भंगारवाल्याकडं गेले आणि मला उतरवून आणलं. चौकटीचा कडीवाला तुकडाही कापून आणला, कुंपणाच्या खांबाला जोडला. शेजारी म्हणाले, "काय कानसेन, कोंबड्यांना मोटारीची हौस?" ते रोज सकाळी मला हळू लावायचे, ओढायचे, मी उघडायचो. सात वर्षं. रबर त्यांनी काढलं नाही. माणूस आपला काटा आपणच ठेवतो कधी कधी.

परवा लेक आली, आईच्या दुखण्याची चौकशी करायला. परसात आली तर माझी काळी पट्टी उन्हानं वाळून लोंबत होती. तिनं ती सहज ओढली. रबराचा तुकडा तिच्या हाताला लागला. तिनं वाकून निरखलं. घडीच्या वरच्या पदरावर पंक्चरचं लाल ठिगळ होतं, बदामासारखं कापलेलं.

"बाबा, ही माझ्या सायकलची ट्यूब. हे ठिगळ मी कापलं होतं. इथं कशी?"

कानसेन टाकीपाशी बसले होते. बसल्या जागेवरून त्यांनी सगळं सांगितलं. आवाजाचं, खोक्यांचं, ट्यूबचं.

लेकीनं रडायला हवं होतं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे त्यानं दार लावलं होतं?"

"लावलं होतं, पोरी. मी पायरीवरून बघितलं होतं."

"सात वर्षं, बाबा?"

ती उठली. "उद्या त्याला आणते. त्याच्या तोंडावर सांगा."

काल दुपारी दोघं आली. कानसेनांनी जावयापुढं हात जोडले आणि पुन्हा सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. जावई ऐकत होता की नाही, कळलं नाही. केस पांढरे झालेत त्याचे. तो माझ्याजवळ आला आणि दोन्ही हातांनी, अगदी हळू, मला लावलं. त्या दिवशीसारखं. 'ठप्प.' मग ओढलं. मी उघडलो.

लेकीनं ते रबर नखानं खरवडून काढलं आणि कोबीच्या वाफ्यात फेकलं. "आता लाव," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा हळूच लावलं. 'टक्-खळ्.'

त्यानं ओढलं. पाय रोवून ओढलं, पुन्हा ओढलं. कुंपणाचा खांब हलला, पण मी उघडलो नाही. सात वर्षांचा गंज खाल्लेलं कुलूप, पण धरलं म्हणजे धरलं. माझ्या आवाजाला नावं ठेवली गेली, पण मला धरू दिलं असतं, तर मी धरलं असतं.

जावयानं माझ्या पत्र्याला कपाळ टेकलं. लेकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाताना दोघांनी कानसेनांकडं बघितलं नाही. सासूबाई खाटेवरून हाका मारत राहिल्या, "अगं, चहा तरी..."

आज सकाळी कानसेन आले नाहीत मला लावायला. टाकीपाशी बसून आहेत. त्यांनी माझ्यावर माया केली होती, हे खोटं नाही.

बाबांनो, गाडी आपली घ्या, परकी घ्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी अडाणी दरवाजा, देशाचं मला काय कळतं? एवढंच मागतो, आवाजावर जाऊ नका. दार लावलंत की एकदा ओढून बघा. आणि आत लेकरू निजलेलं असेल, तर जागं झालं तरी चालेल, पण ओढून बघा.