गाडीच्या नाकातली वायर

आमच्या लार्क्सडेल गावात कर्लिंग या बर्फावरच्या खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार म्हटल्यावर परदेशी पाहुण्यांसाठी माहितीपत्रक लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईच्या लिखाणात चूक काढायची कुणाची छाती होती? विमानतळावर गाडी भाड्याने कुठे मिळते, हॉटेलात टिप किती ठेवायची, हातमोजे दोन जोड का हवेत, रस्त्यात हरीण आडवं आलं तर काय करायचं, सगळं लिहिलं. माझा नवरा ओरेस्ट वाचून म्हणाला, "मास्तरीणबाई, श्वास कसा घ्यायचा तेवढंच राहिलं."

माझ्या संघाचा पहिलाच सामना मेक्सिकोतल्या मेरिदाहून आलेल्या चौघींशी होता. त्यांच्याकडे बर्फ फक्त सरबतात असतो. मॉलमधल्या बर्फाच्या चिमुकल्या मैदानावर त्या दगड घसरवायला शिकल्या आणि मक्याच्या पिठाचे तामाले विकून विमानाची तिकिटं काढली. हरणारा संघ त्याच दिवशी स्पर्धेबाहेर जाणार होता.

सकाळी आम्ही दगडापुढचा बर्फ घासायचे झाडू घेऊन मैदानावर उभ्या, आणि समोर कुणीच नाही. त्यांचा फोनही कुणी उचलेना.

"अर्ध्या तासात आल्या नाहीत तर सामना तुमचा," पंच डार्लीन म्हणाली.

"बरं झालं," आमच्या संघातली मर्ना म्हणाली. "आयता मिळतोय."

"आयतं खायला मी काय मांजर आहे?" म्हणत मी ओरेस्टकडून ट्रकची किल्ली घेतली.

गावाबाहेरच्या मोटेलसमोर त्या चौघी कुडकुडत उभ्या होत्या. त्यांची कप्तान रोसिओ किल्ली फिरवून फिरवून थकली होती, आणि गाडी हूं की चूं करत नव्हती. मी वाकून गाडीचं तोंड पाहिलं.

"इथे पुढे एक वायर लोंबत असते, ती कुठे गेली?"

"ती होय? लोंबत होती बिचारी. मी गुंडाळून आत खोचली, रबरबँड लावून," रोसिओ म्हणाली.

"आणि हा समोरच्या खांबावरचा प्लग कशाला आहे?"

"नाताळच्या दिव्यांना?"

आमच्याकडे हिवाळ्यात रात्री इंजिन ऊबदार राहावं म्हणून गाडी त्या वायरीने प्लगला जोडून मगच झोपतात, नाहीतर सकाळी इंजिन गोठलेलं असतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून तर मी ते लिहिलं नव्हतं. मला भयंकर राग आला, आणि काढायला माझ्याशिवाय कुणी सापडेना.

"आम्ही पत्रक दहादा वाचलं," रोसिओ रडवेली झाली. "आमच्याच नजरेतून काहीतरी सुटलं."

"काही सुटलं नाही. ते लिहिणारी बाई अर्धवट आहे. चला, बसा ट्रकमध्ये."

एकमेकींच्या मांडीवर बसून, झाडू खिडकीबाहेर काढून आम्ही वेळेत पोचलो. आणि शेवटच्या दगडावर त्या बायांनी आम्हाला हरवलं.

"जा, अजून आण त्यांना गाडीत घालून," मर्ना फणकारली.

माझ्या चुकीची भरपाई म्हणून त्या चौघींना पाजायला मी क्लबच्या बारपाशी जाऊन पाकीट काढलं, तोच रोसिओने माझा हात धरला. खिशातून चुरगळलेलं पत्रक काढून ती मोठ्याने वाचू लागली, "सामना झाल्यावर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं. हरलेल्यांनी पाकिटाला हात लावू नये." मग तिने तळाशी छापलेल्या माझ्या नावावर बोट ठेवलं. "वेर्ना, ही बाई अर्धवट आहे म्हणालात. मग हे खरं मानायचं का?"

"शब्दन्‌शब्द," मी म्हणाले. "आणि माझा ग्लास मोठा सांग."