सात दिवसांची गादी

मी गादी बोलतेय. कापसाची, एका माणसापुरती. आमची बिरादरी तुमच्या माळ्यावरही असेलच. पाहुणे आले की काढायची, गेले की फेकायची. वा रे वा!

मला मेहबूबभाईंनी भरलं. कापूस पिंजताना ते म्हणाले होते, "याला ऊन दाखवत राहा ताई, पुन्हा पुन्हा फुलेल." त्या ताईंनी मला लेकीच्या, म्हणजे कादंबरीच्या लग्नात दिलं. जावई आमोद आयटीतले. त्यांना स्प्रिंगचा डबल बेड हवा होता. त्यामुळे हडपसरच्या फ्लॅटमध्ये माझी रवानगी थेट माळ्यावर झाली.

दोन वर्षांनी कादंबरीनं मला खाली ओढलं आणि हॉलमध्ये अंथरलं. माझ्यावर आडवी होऊन तिनं मैत्रिणीला फोन लावला.

"स्पृहा, ओटीपोटात दुखत होतं ना, तो क्लॅमिडिया निघाला. शरीरसंबंधातून होतो. आमोदनं ऑफिसच्या ट्रिपला शेण खाल्लं, त्यानंच कबूल केलं. दोघांनाही अँटिबायोटिक दिलंय, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. दोघांच्या गोळ्या संपेपर्यंत जवळ यायचं नाही. नाहीतर तो मला पुन्हा देणार. पुन्हा झालं तर गर्भनलिका खराब होऊ शकते म्हणाल्या डॉक्टर. मला मूल हवंय गं."

बोलता बोलता ती रडली. आयुष्यात पहिल्यांदा माझा कोणाला तरी उपयोग होत होता. मी मनात म्हटलं, रड पोरी, सात दिवस मी आहे.

तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "मला काही होतच नाहीये आता. कशाला उगाच गोळ्या?"

"संपव मुकाट्यानं," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी त्याची आई, श्यामलाबाई, पेठेतून राहायला आल्या. चप्पल काढायच्या आत मी दिसले.

"ही गादी कोणाची?"

"मी झोपते, आई."

"लग्नाला दोनच वर्षं झाली आणि वेगळी अंथरुणं? मग नातवंड काय कुरिअरनं येणार आहे?"

कादंबरीनं आमोदकडे पाहिलं. 'आई, डॉक्टरांनी सांगितलंय', एवढंच म्हणायचं होतं. पण मीटिंगमध्ये तासतासभर बोलणारा हा माणूस मिठाची गुळणी धरून बसला. वर स्वतःच उठून मला गुंडाळायला लागला. किती आज्ञाधारक मुलगा!

माळ्यावर ठेवताना त्यानं इकडेतिकडे पाहिलं, खिशातून गोळ्यांची अर्धवट पट्टी काढली आणि माझ्या खोळीत सरकवली. मला ओरडायचं होतं. पण गादीला तोंड कुठलं?

बेडवर मध्ये उशी ठेवून कादंबरीनं उरलेले दिवस काढले, आपल्या गोळ्या संपवल्या. आठव्या दिवशी त्यानं सांगितलं, "माझ्याही संपल्या." तिनं विश्वास ठेवला. मी त्याच घरात, त्या गोळ्या पोटाशी धरून वर पडले होते.

महिन्याभरात तिचं दुखणं परत आलं. त्या दिवशी ती तपासणीहून आली ती भिंत धरतच. आमोद आईशेजारी सोफ्यावर बसला होता.

"एक नळी चिकटलीय," ती म्हणाली. "पण मी तर सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या."

आमोद म्हणाला, "बदलून बघू डॉक्टर." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आता ती पुन्हा वेगळीच झोपणार होती. स्टुलावर चढून तिनं मला खाली ओढलं, झटकलं, आणि पट्टी फरशीवर पडली. तिनं खाली बसून मोजल्या. चौदांतल्या आठ गोळ्या तशाच होत्या.

"कसल्या गोळ्या गं या?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"तुमच्या नातवंडाच्या," कादंबरी म्हणाली.

मग तिनं आमोदच्या देखतच सासूला सगळं सांगितलं, आजाराच्या नावासकट. ऐकून श्यामलाबाई काय म्हणाल्या असतील? "हळू बोल, शेजारी ऐकतील."

त्याच संध्याकाळी ती मला रिक्षात घालून मांजरी गावाला, आईकडे आली. आता तिच्या गोळ्यांची दुसरी फेरी चालू आहे. ती माझ्यावर कूस बदलत राहते आणि मला फार राग येतो. त्याचा, त्याच्या आईचा, आणि गप्प पडून राहिलेल्या माझाही.

तुम्हाला हात जोडून सांगते, डॉक्टरांनी सात दिवस लांब राहा म्हटलं तर सात दिवस राहा. घरात कोणी विचारलं तर तोंड उघडा. तुम्हाला ते आहे.

सकाळी कादंबरीची आई मला उन्हात टाकते. मेहबूबभाई खोटं बोलले नव्हते, मी अजून फुलते. लेकीला कुठलं ऊन दाखवायचं, ते मात्र त्या माउलीला कोणी सांगितलेलं नाही.